सही कुठल्या पानावर आहे?

सहा वर्षांपूर्वी माझ्या संग्रहात एक पेटी आली. बाहेरून ती राखाडी पुठ्ठ्याची, कापडी कडांची साधी पेटी आहे. आत ३१ सुटी पाने आहेत. प्रत्येक पानाच्या एका बाजूला एकाच दीर्घ कवितेचा एकेक तुकडा खिळ्यांनी, म्हणजे जुळवायच्या सुट्या अक्षरठशांनी, छापलेला आहे आणि दुसऱ्या बाजूला त्या तुकड्याशी थेट संबंध नसलेली एक लाकूडठशाची आकृती आहे. पानांना क्रमांक नाहीत. वाचकाने ती पिसून घ्यावीत आणि हाती येतील त्या क्रमाने वाचावीत, एवढीच सूचना झाकणाच्या आतल्या बाजूला आहे. आवृत्ती ६० प्रतींची. कवयित्री आणि चित्रकार एकच आहेत, आणि त्यांनी आपली सही वेगळ्या कार्डावर किंवा झाकणावर न करता त्या ३१ पानांपैकीच एकाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली आहे.

ही प्रत माझ्याआधी दुसऱ्या एका संग्राहकाकडे होती. मी पेटी पहिल्यांदा उघडली, तेव्हा सहीचे पान वरून अकरावे होते. आधीच्या मालकाने पाने पिसली होती आणि शेवटच्या वाचनाचा क्रम तसाच राहून गेला होता, की कवयित्रीनेच ती त्या क्रमाने पेटीत ठेवली होती आणि त्या माणसाने त्यांना कधी हातच लावला नव्हता, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. पाने पिसली तर मी सूचनेचे पालन करणार होतो, परंतु त्याबरोबरच कोणाची तरी, कदाचित खुद्द कर्तीची, एक मांडणी कायमची मोडणार होतो. पुढची काही वर्षे मी ती पाने वरून खाली, त्याच क्रमाने वाचत राहिलो आणि तशीच परत ठेवत राहिलो. प्रयोगशील पुस्तकांचा संग्रह करणाऱ्या माणसाचे हे वर्तन हास्यास्पद आहे, याची मला जाणीव होती.

मी कोणती पुस्तके जमवतो, हे आधी स्पष्ट करायला हवे. कारण ‘सहीची पुस्तके जमवतो’ असे सांगितले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गाजलेल्या कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या उभ्या राहतात, आणि ‘कलात्मक पुस्तके’ म्हटले की चामड्याची बांधणी आणि सोनेरी कडा. या दोन्हींविषयी मला आदर आहे, पण ओढ नाही. माझी कसोटी अशी की त्या पुस्तकातील मजकूर साध्या छपाईच्या, साध्या बांधणीच्या प्रतीत उतरवून घेतला, तर काय उरते? जे उरते ते पूर्ण असेल, तर ते पुस्तक उत्तम असेल, परंतु माझ्या कपाटातले नव्हे. बी. एस. जॉन्सन या इंग्रज लेखकाची १९६९ सालची ‘द अनफॉर्च्युनेट्स’ ही कादंबरी पेटीत येते. तिचे २७ सुटे भाग आहेत, त्यांपैकी फक्त पहिला आणि शेवटचा ठरलेला असून मधले २५ कोणत्याही क्रमाने वाचायचे असतात. मित्राच्या मृत्यूची आठवण ज्या विस्कळीतपणे मनात येते, तो विस्कळीतपणा त्या सुट्या भागांत आहे. ते एकत्र शिवून टाकले, तर शब्द सगळे राहतील आणि कादंबरी जाईल. मधल्या २५ भागांचे संभाव्य क्रम मोजायला बसले तर २६ आकडी संख्या येते, म्हणजे जगात आजवर झालेली सगळी वाचने एकत्र केली, तरी ती त्या संख्येच्या कोपऱ्यालाही लागणार नाहीत. जॉन्सन १९७३ मध्ये गेला. त्यानंतर निघालेल्या पुनर्मुद्रणांवर त्याची सही असणे शक्यच नाही, आणि माझ्याकडे आहे ते असेच एक पुनर्मुद्रण आहे. ते माझ्याकडे सहीवाचून आहे आणि मला त्याची खंत नाही. सही ही माझ्या संग्रहाची अट नाही. तिच्याविषयी मला जरा वेगळेच कुतूहल आहे.

त्या कुतूहलाचे मूळ एका जुन्या शब्दात आहे. हस्तलिखित पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव, शक, तिथी आणि क्वचित आपल्या वाकलेल्या पाठीची व मानेची तक्रारही लिहून ठेवत असे; त्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. छापील मर्यादित आवृत्तीच्या शेवटी कागद कोणता, खिळे कोणते, छपाई कोणाची, प्रती किती आणि ही प्रत कितवी, हे सांगणारे जे टिपण असते, ते या पुष्पिकेचेच वंशज आहे, आणि सही बहुधा तिथेच असते. पुष्पिकेतली सही म्हणजे चाहत्याला दिलेली भेट नव्हे. करणाऱ्याने ती प्रत हातात घेऊन पाहिली, तिच्यात दुरुस्त करण्यासारखे काही उरले नाही असे ठरवले आणि तिला आपल्या हातातून सोडले, याची ती नोंद असते. लेखक एखाद्या कार्यक्रमात रांगेतल्या वाचकाच्या प्रतीवर ‘सप्रेम’ लिहून सही करतो, तेव्हा तो वाचकाशी बोलत असतो. पुष्पिकेत सही करणारा वस्तूशी बोलत असतो. दोन्ही सह्या एकाच हाताच्या असल्या तरी त्यांचे काम निराळे आहे, आणि मला दुसऱ्या प्रकारचीच सही हवी असते.

म्हणूनच आजकाल सर्रास दिसणाऱ्या एका पद्धतीविषयी माझे मत प्रतिकूल आहे. प्रकाशक कोऱ्या कागदांचा गठ्ठा लेखकाकडे पाठवतो, लेखक घरी बसून शेकडो, कधी हजारो सह्या करतो, आणि तो गठ्ठा छापखान्यात परत आल्यावर एकेक पान एकेका प्रतीत शिवले किंवा चिकटवले जाते. सही खरी असते, याविषयी वाद नाही. पण ती केली तेव्हा पुस्तक अस्तित्वातच नव्हते. त्या सहीने ती प्रत कधी पाहिलेलीच नाही. साध्या कादंबरीत हे चालून जाते. पुस्तक हीच कलाकृती असेल, तर मात्र असे पान म्हणजे चित्र काढण्याआधी कॅनव्हासच्या कोपऱ्यात केलेली सही होय.

सहीचा आणि प्रयोगशील पुस्तकाचा संबंध किती अवघड असू शकतो, हे एड रुशे या अमेरिकी चित्रकाराच्या पहिल्या पुस्तकाकडे पाहिले की कळते. ‘ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स’ हे पुस्तक १९६३ मध्ये निघाले. नावात आहे तेच आत आहे, रस्त्याकडेच्या २६ पेट्रोल पंपांची काळी-पांढरी छायाचित्रे, प्रत्येकाखाली फक्त कंपनीचे आणि ठिकाणाचे नाव. प्रस्तावना नाही, विवेचन नाही, छायाचित्रांत कौशल्य दाखवण्याचा प्रयत्नही नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ते घेण्यास नकार दिला, तेव्हा रुशेने पुढच्या वर्षी ‘आर्टफोरम’ या नियतकालिकात त्या नकाराचीच जाहिरात केली. पहिली आवृत्ती ४०० प्रतींची होती आणि त्या प्रतींवर त्याने क्रमांक घातले होते. पुढे एका मुलाखतीत त्याने हे क्रमांक घालणे ही आपली चूक होती, असे सांगितले. त्याला हवी होती कारखान्यातून बाहेर पडलेली, एकसारखी, दुर्मीळ नसलेली वस्तू. क्रमांकाने तिला अकारण मौल्यवान बनवले. १९६७ मध्ये त्याने ५०० आणि १९६९ मध्ये ३,००० प्रती काढल्या, त्या बिनक्रमांकाच्या. आज संग्राहक काय करतात? ते नेमकी ती पहिली, क्रमांकित प्रत शोधतात आणि तिच्यावर सही असेल तर अधिकच आनंदतात. करणाऱ्याने जी चूक मानली, तीच आम्ही कपाटात जपून ठेवतो. माझ्याकडे ही पहिली आवृत्ती नाही, आणि ती मिळाली असती तर मी तत्त्वासाठी नाकारली असती, असा आव मी आणणार नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताच्या ‘हिरव्या पेटी’चे आहे. एका मोठ्या काचचित्राच्या तयारीसाठी त्याने १९११ ते १९१५ या सुमारास जी टिपणे केली होती, ती त्याने १९३४ मध्ये पुनर्मुद्रित केली. परंतु पुस्तक म्हणून नव्हे. प्रत्येक चिठोरे ज्या कागदावर होते तसाच कागद, त्याच रंगाची शाई आणि त्याच फाटलेल्या कडा हव्यात, असा त्याचा आग्रह होता. कडा तंतोतंत याव्यात म्हणून त्याने जस्ताचे साचे कापून घेतले आणि त्यांच्या कडेने कागद फाडले. तीनशे साध्या आणि २० विशेष प्रती झाल्या, आणि विशेष प्रतींत एकेक मूळ हस्तलिखित कागदही घातला गेला. इथे पेटीतल्या जवळजवळ प्रत्येक चिठोऱ्यावर द्युशाँचे हस्ताक्षर आहे, आणि ते सगळे छापलेले आहे. अशा पेटीवर प्रत्यक्ष शाईने केलेली सही ही त्या गर्दीतली एकमेव न छापलेली ओळ ठरते. हुबेहूब नकलेवर खरी सही करणे ही त्याची थट्टा होती, असे मला वाटते, आणि ती थट्टा कळण्यासाठी चिठोरी हातात घेऊन फाटलेल्या कडांवरून बोट फिरवावे लागते.

ब्रुनो मुनारी या इटालियन कलावंताने १९४९ पासून जी ‘न वाचता येणारी पुस्तके’ केली, त्यांत एकही शब्द नाही. रंगीत कागद, कापलेल्या कडा, कधी पानांमधून जाणारा दोरा, आणि पाने उलटताना बदलत जाणारे आकार एवढेच. त्यांच्यासारख्या एखाद्या निःशब्द पुस्तकावर करणाऱ्याने सही केली, तर ती सहीच त्या पुस्तकातला एकमेव मजकूर होते. माझ्याकडे अशा जातीचे एक अलीकडचे पुस्तक आहे. त्याच्या कर्त्याने सही शेवटच्या पानावर, पान दुमडल्यावर आत जाईल अशा बेताने केलेली आहे, आणि ती शोधायला मला आठवडा लागला होता.

टॉम फिलिप्सच्या बाबतीत प्रश्न आणखी निराळा होतो. या ब्रिटिश चित्रकाराने १९६६ मध्ये जुन्या पुस्तकांतून डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ सालची एक विस्मृत कादंबरी उचलली आणि तिच्या पानांवर रंगवायला सुरुवात केली. मधले काही शब्द मोकळे सोडायचे, बाकीचे चित्राखाली बुडवायचे, आणि सुटलेल्या शब्दांतून एक नवीच कथा उभी करायची. ‘अ ह्यूम्युमेंट’ नावाने हे काम प्रसिद्ध झाले, आणि १९८० पासून निघालेल्या प्रत्येक नव्या आवृत्तीत त्याने काही पाने पुन्हा नव्याने रंगवली. शेवटची आवृत्ती २०१६ मध्ये, म्हणजे पहिल्या पानापासून ५० वर्षांनी आली. या पुस्तकावर केलेली सही नेमकी कशावरची? शब्द सगळे मॅलॉक यांचे, मौन सगळे फिलिप्सचे. शिवाय तो त्या पुस्तकाला पूर्ण झालेले मानतच नव्हता, म्हणून प्रत्येक आवृत्तीवरची सही ‘तूर्तास’ म्हटल्यासारखी आहे. रूथ आणि मार्व्हिन सॅकनर या दांपत्याने १९७९ मध्ये मूर्त आणि दृश्य कवितेचा, म्हणजे जिच्यात शब्दांची कागदावरची मांडणीच अर्थ घडवते अशा कवितेचा, जो प्रचंड संग्रह सुरू केला आणि जो २०१९ मध्ये आयोवा विद्यापीठाकडे गेला, त्यात फिलिप्सच्या कामाला मोठे स्थान होते. या दांपत्याची मला वाटणारी थोरवी संग्रहाच्या आकारात नाही. ती सगळी कामे घेऊन ते घरात राहत होते, ही गोष्ट मला मोठी वाटते.

जपणूक हा या छंदाचा सर्वांत कष्टाचा भाग आहे, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. कारण साध्या पुस्तकाच्या जपणुकीचे नियम इथे निम्म्या वेळा उपयोगाचे नसतात. काही पुस्तके तर जपली जाऊ नयेत, अशाच हेतूने केलेली असतात. फ्रेंच लेखक गी दबोर आणि डॅनिश चित्रकार आस्गर यॉर्न यांच्या १९५९ सालच्या ‘मेम्वार’ या पुस्तकाचे वेष्टन जाड सँडपेपरचे होते, उद्देश हा की फळीवर शेजारी ठेवलेली पुस्तके खरवडली जावीत. भविष्यवाद (फ्यूचरिझम) या कलापंथातील फोर्तुनातो देपेरो या इटालियन कलावंताचे १९२७ सालचे पुस्तक ॲल्युमिनियमच्या दोन मोठ्या नट-बोल्टांनी बांधलेले आहे. ते फळीवर उभे राहत नाही, दुसऱ्या पुस्तकाला टेकवता येत नाही, मात्र बोल्ट सैल करून पाने काढता येतात. डीटर रोट या कलावंताने १९६१ पासून पुस्तके आणि मासिके किसून, त्यात मसाला आणि चरबी घालून त्यांचे सॉसेज बनवले, म्हणजे पाककृती खरीच घेतली आणि तिच्यातल्या मांसाच्या जागी साहित्य घातले. १९९२ मध्ये विज्ञानकथालेखक विल्यम गिब्सनची कविता, डेनिस ॲशबॉची चित्रे आणि केव्हिन बेगॉस यांचे प्रकाशन यांतून ‘अग्रिप्पा’ हे पुस्तक झाले, त्यातली कविता फ्लॉपीवर होती आणि एकदा पडद्यावरून सरकून गेली की ती फाइल स्वतःला न उघडण्याजोगी करून टाकत असे. असे पुस्तक संग्राहकाला सरळच विचारते की तुला ते वाचायचे आहे की ठेवायचे आहे. पॅरिसमधील १९४७ सालच्या अतिवास्तववादी प्रदर्शनाच्या सूचीचे मुखपृष्ठ याहून मिस्कील आहे. विशेष प्रतींवर फोम रबराचा स्तन चिकटवलेला आहे आणि मागच्या बाजूला ‘कृपया स्पर्श करावा’ अशा अर्थाचे फ्रेंच शब्द आहेत. कल्पना द्युशाँचीच. काळाने ते रबर कडक आणि ठिसूळ होते, त्यामुळे ज्या वस्तूवर स्पर्शाचे आमंत्रण छापलेले आहे, तीच आता काचेआड ठेवावी लागते.

माझ्या हातून झालेले नुकसान इतके थोर नव्हते. एका छोट्या आवृत्तीच्या पुस्तकाचे पुठ्ठे काळ्या कागदाने मढवलेले होते, त्यांवर स्क्रीन प्रिंटिंगने एक जाळी उठवलेली होती, आणि कलावंताने सही आत न करता थेट मुखपृष्ठावर, त्या जाळीच्या एका रिकाम्या चौकोनात, चंदेरी मार्करने केली होती. ती पुसली जाऊ नये, म्हणून मी पुस्तकाला मऊ, पारदर्शक पीव्हीसी प्लॅस्टिकचे वेष्टन घातले आणि मोठ्या समाधानाने कपाट बंद केले. मऊ पीव्हीसीत त्याला मऊ ठेवणारे द्रव्य मिसळलेले असते, ते हळूहळू बाहेर पडते आणि शाई सैल करते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. तीन पावसाळ्यांनंतर वेष्टन काढले, तेव्हा ते मुखपृष्ठाला चिकटले होते, आणि ओढून सोडवताना सहीचा अर्धा भाग वेष्टनासोबत गेला. आता नावाचा पूर्वार्ध पुस्तकावर आहे आणि उत्तरार्ध, उलटा, प्लॅस्टिकच्या तुकड्यावर. दोन्ही मी ठेवले आहेत. कलावंताला मी हे पत्राने कळवले, तेव्हा उत्तर आले की आवृत्तीतली ही आता एकमेव दोन भागांची प्रत आहे आणि तशी नोंद मी करून ठेवावी. क्षमा इतक्या सहज मिळेल, असे मला वाटले नव्हते.

तेव्हापासून मी पीव्हीसी घरात येऊ देत नाही. पारदर्शक वेष्टन हवेच असेल, तर पॉलिएस्टरचे. एरवी आम्लमुक्त कागदात गुंडाळून, मापाने बनवलेल्या आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेटीत. घडीची पुस्तके उभी न ठेवता आडवी ठेवतो, कारण उभी ठेवली की घड्या स्वतःच्या वजनाने खाली बसतात आणि काही वर्षांत तिरप्या होतात. रबरबँड, पिना आणि चिकटपट्टी यांना पूर्ण मज्जाव आहे. हवेतील आर्द्रता साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि मुख्य म्हणजे स्थिर राहावी, असा प्रयत्न असतो. चढउतार हा ओलाव्याइतकाच वाईट, कारण कागद, कापड, धातू आणि डिंक हे सारे वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि आकसतात, आणि अशा पुस्तकात ते सगळे एकमेकांना चिकटलेले असतात. पेन्सिलीची सही उजेडाने फिकी पडत नाही, परंतु घासली जाते. फेल्ट पेनची घासली जात नाही, पण उजेडाने उडते. पांढऱ्या सुती हातमोज्यांविषयी मात्र मी सर्वसाधारण समजुतीच्या विरुद्ध आहे. हातमोजा घातला की बोटांना कागदाची जाडी कळत नाही आणि पाने फाटतात. हात स्वच्छ धुवावेत, कोरडे करावेत आणि उघड्या बोटांनी पान उलटावे. छायाचित्रे आणि घासून चमकवलेला धातू हे अपवाद.

हे सगळे लिहिताना मला एक विसंगती सतत टोचते. या पुस्तकांचे असणे त्यांच्या उघडण्यात आहे. ब्लेझ सांद्रारची कविता आणि सोनिया दलोनेचे रंग यांतून १९१३ मध्ये जे ‘ट्रान्ससायबेरियन’ पुस्तक झाले, ते पूर्ण उलगडले की दोन मीटर लांब होते, आणि १५० प्रतींची नियोजित आवृत्ती एकापुढे एक लावली, तर आयफेल टॉवरची उंची भरेल, असे गणित त्यांनी मांडले होते. प्रत्यक्षात तेवढ्या प्रती झाल्याच नाहीत. पण ज्या झाल्या, त्या घडी घालून ठेवल्या तर हातात मावणारा एक चपटा गठ्ठा एवढेच आपल्याकडे असते, आणि रंग व ओळी एकाच वेळी खाली घसरत जाण्याचा जो अनुभव त्या दोघांनी रचला, तो गठ्ठ्यात नसतो. रुशेचे लॉस एंजेलिस भागातल्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरचे १९६६ सालचे पुस्तक उलगडले की साडेसात मीटरच्या आसपास जाते; त्याला घरातली एक खोली पुरत नाही. घडी जितक्या वेळा उघडावी, तितकी ती खचते. न उघडावी, तर तो गठ्ठा कसला आहे, हे फक्त सूचीत लिहिलेले उरते. सहीने ही ओढाताण आणखी वाढते. सहीमुळे ती प्रत एकमेव होते, आणि एकमेव झालेल्या वस्तूला हात लावायला माणूस कचरतो. साठ बिनसहीच्या प्रतींतली एक मी निर्धास्तपणे पाहुण्याच्या हाती देतो. सहीची द्यायची वेळ आली की माझा आवाज बदलतो, असे घरचे म्हणतात.

छायाचित्रकार दयानिता सिंग यांच्या ‘म्युझियम ऑफ चान्स’ या २०१४ सालच्या पुस्तकाने या कोंडीतून वाट काढलेली मला दिसते. आतली ८८ छायाचित्रे आलटून पालटून वेगवेगळ्या प्रतींच्या मुखपृष्ठांवर आहेत, आणि हीच प्रत भिंतीवर चित्रासारखी लावता येते व काढून वाचताही येते. प्रत निराळी ठरते ती आवृत्तीच्या रचनेमुळेच, सहीची त्यासाठी गरज पडत नाही, आणि वापर हाच प्रदर्शनाचा भाग होतो. छापील, बऱ्याच प्रतींच्या वस्तूला एकाकीपण देण्याचा हा मार्ग मला क्रमांकापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

खोट्या सह्यांविषयी दोन शब्द. पेन्सिलीची सही नक्कल करणाऱ्याला सोपी जाते, आणि पुस्तक खरे असून सही मागाहून कोणीतरी केलेली असणे हा प्रकार सर्वाधिक आढळतो. मी आधी पुष्पिका वाचतो. तिच्यात ‘स्वाक्षरित’ असा उल्लेख नसताना सही असेल, तर ती कधी आणि कोणासाठी केली, याचा पुरावा मागतो. उल्लेख आहे आणि सही नाही, अशीही प्रत येते. ती बहुधा क्रमांकाबाहेरची किंवा छपाईच्या चाचणीची असते आणि विक्रेत्याने ते सांगितलेले नसते. त्यानंतर कागदावर आडवा उजेड टाकून पेन्सिलीचा दाब पाहतो. रोज सही करणाऱ्याचा हात मध्येच थबकत नाही, नक्कल करणाऱ्याचा थबकतो. ही खात्रीची परीक्षा नव्हे, पण तिने मला दोनदा वाचवले आहे. एकदा वाचवले नाही. ती प्रत मी अजून ठेवली आहे. सही खोटी असली तरी पुस्तक खरे आहे, आणि ते मी इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळा उघडतो.

आता त्या पेटीकडे. गेल्या वर्षी एका ग्रंथालयात त्याच आवृत्तीची दुसरी प्रत पाहण्याचा योग आला. तिथे सहीचे पान सर्वांत वर होते. ग्रंथपालांना विचारले, तर ते म्हणाले की सूची करताना सही सापडायला सोपी जावी म्हणून कोणीतरी ते वर काढून ठेवले असावे, आणि तेव्हापासून प्रत्येक वाचक पेटी परत करताना इमानाने तोच क्रम ठेवतो. म्हणजे तिथेही पाने पिसली जात नव्हती. एका नोंदीच्या सोयीसाठी कवितेची सुरुवात ठरून गेली होती. माझ्या पेटीतले अकरावे पान मला त्या दिवसापर्यंत गूढ वाटत आले होते. परतताना मात्र वाटेत वाटले की त्यामागेही एखादी अशीच, इतकीच क्षुल्लक सोय असू शकेल.

त्या रात्री मी एका आम्लमुक्त कागदाच्या पट्टीवर, प्रत्येक तुकड्याचा पहिला शब्द घेऊन, मिळालेला क्रम पेन्सिलीने लिहून काढला, खाली तारीख घातली आणि पट्टी झाकणाच्या आत ठेवली. मग हात धुऊन आलो आणि पाने पिसली. सहीचे पान या खेपेस तळापासून तिसरे आले. त्याच्यानंतर वाचायला दोनच तुकडे उरले होते, आणि त्यांतला एक पावसाविषयीचा होता, जो इतकी वर्षे मी सुरुवातीलाच वाचून पुढे जात असे. पट्टी अजून पेटीतच आहे. ही प्रत पुढे कोणाकडे गेली, तर ती सोबत द्यावी की काढून घ्यावी, हे मी अद्याप ठरवलेले नाही. दिली तर तो माणूस पाने पुन्हा जुन्या क्रमाने लावून बसेल, अशी मला दाट शंका आहे.